मेहरुन आपांच्या गौरवाची पॅच टेस्ट

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटू नका, मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा. तुमचा कंपास हरवला आहे, उद्या भूमितीचा पेपर आहे, आणि शेजारच्या ताईने तुम्हाला तिचा कंपास दिला. तुम्हाला तिचे आभार मानायचे आहेत. किती वेळ लागेल? 'थँक्यू ताई' म्हणायला दोन सेकंद. लाजाळू असाल तर पाच.

आता अशी कल्पना करा की आभार मानणारी माणसं अकरा आहेत, शिकलेली आहेत, त्यांतल्या सहा जणांच्या नावापुढे पदव्या आहेत आणि त्यांचं एक नोंदणीकृत मंडळ आहे. आम्हाला एका बाईंचे आभार मानायला सात आठवडे लागले. ते सात आठवडे कुठे गेले, ते मी तुम्हाला क्रमाने सांगतो. मध्ये कुणी हसायचं नाही. आम्ही कुणीच हसलो नव्हतो.

आमच्या मंडळाचं नाव खानदेश सौंदर्यप्रसाधन रसायनतज्ज्ञ मंडळ, जळगाव. नाव एका दमात म्हणता आलं तरच सदस्यत्व द्यावं, अशी सूचना एकदा आली होती. ती मांडणाऱ्यालाच ते म्हणता आलं नाही, म्हणून बारगळली. साबण, पावडर, केसांचं तेल, क्रीम, काजळ असल्या वस्तू बनवणारी आम्ही माणसं. मी मुळात एरंडोलच्या शाळेतला रसायनाचा मास्तर. निवृत्तीनंतर घरामागे मुलतानी मातीचा साबण करायला लागलो आणि मंडळात शिरलो. अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं.

आणि आमच्या मेहरुन आपा. नशिराबाद रस्त्याला दोन खोल्यांची त्यांची तपासणी प्रयोगशाळा. कुणाचं क्रीम फाटलं, कुणाच्या शाम्पूला वास सुटला, की माणूस आधी आपांकडे धावायचा, मग देवाकडे. माझ्या साबणाच्या पहिल्या खेपेने आमच्या गल्लीतली चार माणसं आठवडाभर अंग खाजवत होती. आपांनी एक वडी पाण्यात विरघळवली, कागद बुडवला, रंग बघितला आणि म्हणाल्या, "सर, हा साबण नाही, कपडे धुवायचा सोडा आहे. कुणाला सांगू नका, परवा या." परवा गेलो तर नवं प्रमाण लिहून तयार होतं.

त्यांचं खरं काम मात्र वेगळंच. आठ वर्षांपूर्वी आमचे अध्यक्ष भाईदास आबा यांच्या बेबी पावडरच्या एका खेपेत जंतू सापडले. माल गाड्यांत भरलेला. आबा म्हणाले, सही करा. आपा म्हणाल्या, "आबा, बाळाच्या अंगाला लागणार आहे ते." आणि पेनाला टोपण लावलं. गाड्या रिकाम्या झाल्या. आबा दीड वर्ष आपांशी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्यात नियम पडला, आपांची सही नसलेला माल बाहेर जायचा नाही. चोवीस वर्षांत मंडळाला आठ अध्यक्ष झाले. मंडळ चालवलं कुणी, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या यायला वेळ लागला.

या आपा प्रयोगशाळा बंद करून मुलाकडे धुळ्याला राहायला निघाल्या होत्या. मेच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो यायचा होता.

त्यांची नात रूही, सहावीतली, माझ्याकडे संध्याकाळी विज्ञान शिकायला येते. एकदा लिटमस कागदाशी खेळता खेळता तिने विचारलं, "सर, नानीला तुमच्या मंडळाने कधी बक्षीस नाही दिलं?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "या वर्षी देणार. त्या जायच्या आत. भर सभेत. माझा शब्द."

मुलांनो, मोठी माणसं छाती पुढे काढून काही बोलली, की ते वहीत तारखेसह लिहून ठेवत जा. रूहीने लिहिलं.

पहिल्या बैठकीत मी ठराव मांडला, 'सेवा व नेतृत्व गौरव पुरस्कार', मेहरुन आपांना. टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं. तेवढ्यात भाईदास आबांनी नियमावली मागवली. ती कपाटाच्या एका पायाखाली होती. ती काढल्यावर कपाट डुलू लागलं, म्हणून दोघे जण बैठक संपेपर्यंत कपाट धरून उभे राहिले. नियम असा निघाला की मंडळाचा गौरव मंडळाच्या सदस्यालाच देता येईल आणि सदस्यत्वाचा पुरावा म्हणजे नोंदवहीतलं नाव.

नोंदवही उघडली. चोवीस वर्षांतले सगळे सदस्य त्यात होते, सुबक, गोल, सरळ ओळीत. सगळं अक्षर आपांचं. त्यांनी प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं. स्वतःचं लिहायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे कायद्याने बघितलं तर," आबा चष्मा पुसत म्हणाले, "आपा मंडळात नाहीतच."

"आबा, हे सगळं त्यांनीच लिहिलंय!"

"म्हणून तर म्हणतो. अक्षर त्यांचं शे, नाव नही. आते नवीन अर्ज करायचा तर तीन वर्षं थांबावं लागेल."

मी धुळे शाखेला फोन लावला. धुळे शाखा म्हणजे मुख्तारभाई आणि त्यांचा फोन. मुख्तारभाई आनंदले. "आपा आमच्याकडेच येतायत, तर गौरव आम्हीच करतो ना सर! फक्त त्यांनी धुळ्यात तीन वर्षं काम केल्याचा एक दाखला पाठवून द्या." मी म्हणालो, त्या अजून धुळ्याला आलेल्याच नाहीत. ते म्हणाले, "मग घाई काय आहे?"

या भानगडीत दोन आठवडे गेले. शेवटी 'विशेष बाब' म्हणून पुढे जाऊ, असं ठरलं. विशेष बाब म्हणजे काय, ते नंतर ठरवायचं, असंही ठरलं.

इथे आमच्या शेजारच्या कमलबाईंचा उल्लेख केला पाहिजे. त्या कुंपणापलीकडे पापड वाळत घालता घालता माझ्या सार्वजनिक जीवनावर नजर ठेवून असतात. त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "सर, एक बाईले शाल देवाले इतला दिन लागतस का?"

मी म्हणालो, "कमलबाई, हा संस्थेचा विषय आहे. त्याला पद्धत असते."

"कसानी पद्धत? आज सांजले जा, शाल द्या, चहा प्या. बठ्ठं काम व्हयी जाई."

मी घरात गेलो. संस्थात्मक कामाची ज्यांना कल्पना नाही, त्यांच्याशी वाद घालू नये. शिवाय पापड वाळत होते, तिथे उभं राहिलं तर त्या कावळे हाकायला लावतात.

मग मानपत्र. मी एका संध्याकाळी लिहून काढलं होतं, 'मेहरुन आपांनी चोवीस वर्षे मंडळाची निरपेक्ष सेवा केली आणि कठीण प्रसंगी खंबीर नेतृत्व दिले.' साधं वाक्य. ते तपासायला किरणकडे गेलं. किरण आमच्यातला तरुण, फेस मास्क बनवतो, आणि सगळ्यांच्या डब्यांवरची लेबलं तोच लिहितो. डब्यावर काय लिहिलं तर नोटीस येते, हे त्याला झोपेतही माहीत असतं. 'गोरं करतं' लिहायचं नाही, 'उजळ दिसण्यास मदत करतं' लिहायचं. 'केस उगवतात' लिहायचं नाही, 'केस दाट भासतात' लिहायचं. दहा वर्षं हेच काम केलेल्या माणसाच्या हातात मी मानपत्र दिलं.

"सर, 'निरपेक्ष' काढावं लागेल. सिद्ध कसं करणार? कधीतरी चहा प्यायल्या असतील."

"काढ."

"'सेवा केली' हा थेट दावा होतो. चाचणी झालीय का? आपा असलेलं मंडळ आणि आपा नसलेलं मंडळ, शेजारी शेजारी ठेवून?"

"किरण, मेच्या तिसऱ्या रविवारी त्या जातायत. सोमवारपासून तीच चाचणी सुरू होईल."

त्याला हे पटलं नाही. चार दिवसांनी मानपत्र परत आलं ते असं: 'मेहरुन आपा यांच्या नियमित सहवासामुळे मंडळाची सेवा झाल्यासारखे भासण्यास मदत होऊ शकते. नेतृत्व अधिक ठळक दिसते. परिणाम व्यक्तीनुसार वेगवेगळे असू शकतात.' खाली बारीक अक्षरात, 'फक्त बाह्य वापरासाठी. थंड व कोरड्या जागी ठेवावे.'

मे महिन्यात जळगावात थंड जागा कुठली, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, म्हणून तर बारीक अक्षरात लिहिलंय.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण किरणलाच पुढची शंका आली. "सर, आपण आजपर्यंत कुणाचा गौरवच केलेला नाही. पहिल्यांदाच करतोय, आणि तोही थेट आपांवर? काही उलटं झालं तर?"

मुलांनो, नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून बघतात. दोन दिवस थांबतात. खाज सुटली नाही, तरच चेहऱ्याला लावतात. याला पॅच टेस्ट म्हणतात. आमच्या धंद्यात ती केल्याशिवाय कुणी श्वासही घेत नाही. तेव्हा गौरवाची पॅच टेस्ट करावी, हे सगळ्यांना इतकं रास्त वाटलं की विरोधात एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. आता आठवलं की कानशिलं तापतात.

पॅच टेस्टसाठी माणूस हवा होता. हितेंद्र निवडला गेला. तो केसांचं तेल करतो, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत, आणि या विषयावर गावाने केलेले सगळे विनोद त्याने पचवले आहेत. त्यामुळे त्याची कातडी सर्वांत जाड, यावर एकमत झालं. गुरुवारी दुपारी कार्यालयात त्याला शाल घातली, नारळ दिला, आबा दोन वाक्यं बोलले, आम्ही मोजून टाळ्या वाजवल्या. मी वहीत वेळ लिहिली. आता अठ्ठेचाळीस तास थांबायचं होतं.

प्रतिक्रिया अठरा तासांतच आली. शुक्रवारी सकाळी चौकात बॅनर लागला. हितेंद्रचा फोटो, गॉगल लावलेला, खाली 'सेवा व नेतृत्व गौरव पुरस्काराचे पहिले मानकरी'. बाजूला त्याच्या तेरा मित्रांचे फोटो, त्यांतला एक दोनदा.

मी धावत त्याच्या घरी गेलो. "हितेंद्र, ती चाचणी होती!"

"सर, शाल खरी होती ना?"

"होती."

"नारळ खरा होता?"

"अरे, पण..."

"नारळ फोडला सर. प्रसाद वाटला. बोदवडहून सासरेबुवा निघालेत, पाच वाजता गाडी येते. आता त्यांना काय सांगू, तुमच्या जावयावर नुसता प्रयोग केला?"

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्याच्या बायकोने मला खोबऱ्याचा तुकडा दिला, तो मी खाल्ला. म्हणजे पुरस्काराला मान्यताच दिली म्हणा.

मग ती पुरळ पसरली. शनिवारी भाईदास आबा घरी आले, खुर्चीवर न बसता पायरीवर बसले. मोठा माणूस पायरीवर बसला की समजावं, तो दुखावला आहे. "सर, त्या टकल्याले भेटना, मंग माले काब्रं नही? तीस वर्षं पावडर करतोय मी." आबांना 'जीवनगौरव' ठरला. मग आबांना दिला तर उपाध्यक्षांना नाही कसा? उपाध्यक्षांना दिला तर खजिनदारांना? किरणने स्वतःसाठी 'युवा नेतृत्व' मागितलं. त्याच्याबाबत मात्र सिद्ध कसं करणार, हे त्याने विचारलं नाही. सहाव्या आठवड्याच्या बैठकीत यादी दहा जणांवर गेली होती. कार्यक्रम आपा निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी होता, आणि प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं होतं, पाऊण तासात अकरा सत्कार होतील, बारावा नाही.

मी उभा राहिलो. "ही यादी ज्यांच्यासाठी सुरू केली, त्या आपांचं नाव कुठे आहे?"

आबा म्हणाले, "नोंदवहीत नाव नाही सर, उगाच उद्या कुणी हरकत घेईल. आभारात त्यांचा खास उल्लेख करू. ठळक." मग यादीवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "तुमचं नाव अकराव्या क्रमांकावर घेतलंय बरं का. आदर्श सचिव."

मुलांनो, तुम्हाला वाटेल, सरांनी टेबलावर हात आपटला असेल. सर खाली बसले. नाही म्हटलं असतं तर चारचौघांत उद्धटपणा दिसला असता, असं मी स्वतःला समजावलं. आदर्श सचिव हे शब्द कानाला वाईटही लागत नव्हते.

सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी आपांकडे गेलो. त्या काचेची नळकांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. दाराला खिळ्यावर इस्त्री केलेली नवी मोतिया ओढणी टांगलेली होती.

"रूहीने जबरदस्तीने आणायला लावली," त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हणते, उद्या तुला सगळ्यांसमोर बोलावणारेत. मी म्हटलं, अगं, माझं काय एवढं! पण आणली. चांगली आहे ना, सर?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"पण सर, माझ्यामागे सही कोण करणार, ते ठरलं का?"

सात आठवड्यांत आमच्या नऊ बैठका झाल्या होत्या. हा विषय एकाही बैठकीत निघाला नव्हता. मी म्हणालो, विचार चालू आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं नळकांडं उचललं. मी खरं सांगायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची अडचण निघाली. आभार मानायला गौरव न मिळालेला माणूस लागतो. सत्कारमूर्तीनेच मांडववाल्याचे आभार मानले तर शोभत नाही. आणि असा माणूस मंडळात उरलाच नव्हता. मी सुचवलं, रूहीला सांगू, तिचे उच्चार स्वच्छ आहेत. निदान आपांचं नाव त्यांच्या नातीच्या तोंडून येईल, एवढीच माझी शूरता. आभाराच्या नावांचा कागद पाकिटात बंद केला, वर 'माइकपाशीच उघडावे' असं लिहिलं आणि तिच्या घरी पाठवला. स्वतः द्यायला गेलो नाही.

शनिवारी सकाळी अकराला सभागृह भरलं. सदस्यांची कुटुंबं होतीच, पण कारखान्यांत डबे भरणाऱ्या, लेबलं चिकटवणाऱ्या साठेक बायकाही आल्या होत्या. बाहेर चव्वेचाळीस अंश. भाईदास आबांनी स्वतःच्या पावडरचे उघडे नमुने टेबलावर मांडून ठेवले होते, आणि ते टेबल त्यांनीच मोठ्या कूलरच्या पुढे लावून घेतलं होतं, म्हणजे सुगंध पसरेल. कूलर सुरू झाला. सुगंध पसरला. त्याबरोबर पावडरही पसरली. पहिल्या दोन रांगांतले पाहुणे भुवयांसकट पांढरे झाले आणि हितेंद्रच्या सासरेबुवांना सलग सतरा शिंका आल्या. कूलर बंद केला, तर सगळे घामाघूम. घामावर पावडर बसून प्रत्येकाचा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा दिसू लागला.

सत्कार झाले. एक झाला, दोन झाले, अकरा झाले. आम्ही अकरा जण शाली पांघरून, डाव्या हातात नारळ घेऊन, स्टेजवर फोटोसाठी ओळीने उभे राहिलो. आपा चौथ्या रांगेत होत्या. प्रत्येक नावाला त्या टाळी वाजवत होत्या. सहाव्या नावापर्यंत, पुढचं आपलं असेल म्हणून, ओढणी सारखी करत होत्या. नंतर नुसती टाळी.

रूही माइकपाशी आली. तिने पाकीट फोडून वाचायला सुरुवात केली. एक, प्रमुख पाहुणे. दोन, अध्यक्ष. तीन, चार, पाच. सहा, बॅनरवाले. सात, जेवणाचे कंत्राटदार.

"आठ. विशेष आभार, मेहरुन आपा. यांच्यामुळे कार्यक्रमाची शोभा वाढल्यासारखी भासली."

ती थांबली. तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे. मी नारळाकडे बघत होतो.

तिने कागदाची घडी घातली आणि माइकमध्ये म्हणाली, "ज्यांच्या मालावर माझ्या नानीची सही आहे, त्यांनी हात वर करा."

शेजारचा आधी करतो का, हे प्रत्येक जण बघत होता. मग माझा हात वर गेला. चाळीस वर्षं मी मुलांना असंच सांगत आलो होतो, पण हात वर करणं एवढं जड असतं, हे मला माहीत नव्हतं. मग हितेंद्रचा गेला. किरणचा गेला. एकामागून एक गेले. शेवटी भाईदास आबा उरले. खालून, डबे भरणाऱ्या बायकांतून, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आबा, तुमना बी करा ना वर!" आबांचा हात वर गेला.

"मी सांगेपर्यंत कुणी खाली करायचा नाही," रूही म्हणाली.

ती स्टेजवरून उतरली आणि चौथ्या रांगेत गेली. आपा म्हणत होत्या, "अरी पागल, बैठ जा, लोक बघतायत." रूहीने ऐकलं नाही. आपांचे गुडघे दुखतात. त्या उठायला वेळ लागला, रांगेतून बाहेर यायला वेळ लागला. सहा पायऱ्या होत्या; प्रत्येक पायरीवर त्या थांबत होत्या आणि रूहीही थांबत होती. आम्ही उभेच. हितेंद्रची शाल घसरून पायांत पडली, पण ती उचलायला हात मोकळा नव्हता. आबांचा हात भरून आला, तेव्हा त्यांनी नारळ काखेत धरून दुसऱ्या हाताने त्याला टेकू दिला. तिसऱ्या पायरीपासून खालच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या, त्या आपा वर पोचल्या तरी थांबल्या नाहीत.

रूहीने नानीला मधल्या, अध्यक्षांच्या खुर्चीवर बसवलं. ओढणी सारखी करून दिली. मग ती माइकपाशी परत आली, कागद उलगडला, बोटाने ओळ शोधली आणि स्वच्छ आवाजात पुढे वाचू लागली, "नऊ, मांडववाले. दहा, पाण्याचे जार पुरवणारे..." एकूण बावीस नावं होती. हात खाली करा, असं तिने अजून म्हटलं नव्हतं.